मुलानं त्याचं काम केलं, आता खात्यानं आपलं करावं

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, महिला व बालविकास, पुणे
प्रत माहितीसाठी: गृह विभाग

सप्रेम नमस्कार.

मी सरकारी आयटीआयमधून निवृत्त झालेला शिल्प निदेशक आहे. ट्रेड फिटर. निवृत्तीनंतर आमच्या जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात, ज्याला लोक अजून रिमांड होमच म्हणतात तिथं, मुलांना गणित आणि ड्रॉइंग शिकवत आलो. मानधन नाही, मागितलंही नाही. गेल्या जूनमध्ये मला सांगण्यात आलं, की बाहेरच्या माणसांना आता आत सोडायचं नाही. आदेश कुणाचा, विचारलं. ‘वरून आलाय.’ कागद मागितला, कागद नाही. अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

त्याच सुमारास माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाची अप्रेंटिसशिप पोलिसांच्या एका दाखल्यामुळे अडली. दाखला पोलिसांचा, गेट आपल्या खात्याचं, म्हणजे कागदोपत्री हे दोन विषय झाले. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर विषय एकच आहे. आत असताना त्याच्याशी बोलणारं माणूस काढून घ्यायचं, आणि बाहेर पडून तो उभा राहिला की त्याच्या पाठीवर जुनी नोंद चिकटवायची. हे गप्प राहून सोडून देणं मला जमेना, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

जिल्ह्याचं, संस्थेचं, पोलिस ठाण्याचं, कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मुलगा ओळखू येईल आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मोडेल. ते मोडायला बाकीचे पुरेसे आहेत.

आधी मुलाबद्दल.

आईवडील ऊसतोड मजूर. दसरा झाला की टोळी निघायची, त्याबरोबर तोही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत शाळा नाही. परत आला की वर्ग पुढे गेलेला. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. मग तालुक्याच्या गावी मोटारसायकलच्या गॅरेजवर लागला. पंधराव्या वर्षी वीस-बावीस वर्षांच्या दोघांबरोबर गाड्या चोरताना सापडला. चावीशिवाय गाडी चालू करायचं काम याचं, विकायचं त्यांचं. वाईट संगत लागली, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मला एवढंच दिसतं, की त्या दोघांनी त्याला रोज खाऊ घातलं आणि ‘तुझ्या हातात कला आहे’ असं म्हटलं. शाळेत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं, घरी म्हणायला कुणाला फुरसत नव्हती. ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांचा राग खरा आहे. त्यातला एकजण गाडीवर दुधाचे कॅन लावून घरोघरी रतीब घालणारा होता. गाडी मिळेपर्यंत त्याचा धंदा बुडाला. हे मी त्या मुलालाही सांगितलं आणि आपल्यालाही सांगतो. गुन्हा घडलाच नाही, असं म्हणायला मी पत्र लिहीत नाही.

वर्गात तो भिंतीला टेकून बसायचा. अपूर्णांक काढले की मान खाली. एक चतुर्थांश मोठा की तीन अष्टमांश, विचारलं तर उत्तर नाही. मग मी विचारलं, ‘दोन सूत मोठं की तीन सूत?’ तो हसला. गॅरेजमध्ये राहिलेल्या पोराला हा काय प्रश्न झाला! इंचाचे आठ सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत, हे त्याच्या बोटांत बसलेलं होतं. तिथून छेद समान करायला आम्हाला फार वेळ लागला नाही. तेरा नंबरचा पाना न बघता हाताला ओळखणारं पोर गणितात ढ कसं असेल, हा प्रश्न त्याच्या शाळेला पडला नव्हता. शाळेला तरी काय म्हणू, तो तिथे अर्धं वर्षच असायचा.

ड्रॉइंगमध्ये नटाची तीन बाजूंची चित्रं काढायला दिली. तो म्हणाला, ‘सर, मागची कड दिसतच नाही, तर काढायची कशाला?’ न दिसणारी कड तुटक रेघेनं दाखवतात, हे सांगितल्यावर त्यानं वहीचं पान भरून नट, बोल्ट, वॉशर काढले, सगळीकडे तुटक रेघा, नको तिथेसुद्धा.

बाल न्याय मंडळानं पुढे त्याला परिविक्षेवर, म्हणजे अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, आईवडिलांच्या ताब्यात दिलं. इथं खात्याच्या दृष्टीनं प्रकरण जवळजवळ संपतं. माझ्या अनुभवानं खरं काम इथं सुरू होतं. अशा मुलाला मार्गदर्शन करायचं म्हणजे त्याच्यासमोर चार चांगले शब्द बोलायचे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते कागदांच्या मागे धावणं असतं. आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरी. शाळा सोडल्याचा दाखला हवा, तर गावातली शाळा म्हणते, तुमचं पोर कुठल्या वर्षी गेलं ते शोधावं लागेल. दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म, त्याची मुदत ठरलेली, आणि ती मुदत ऊसतोडीच्या मुलाला कोण सांगणार? हे सगळं झालं. गणित पहिल्या बैठकीत सुटलं, इंग्रजी राहिलं, ते पुरवणी परीक्षेत निघालं.

सरळ चढत गेला असं मात्र समजू नये. मध्येच एकदा गणपतीच्या दिवसांत गायब झाला, फोन बंद. जुनी मंडळी भेटली होती. त्याची आई म्हणाली, ‘गुर्जी, तुम्ही रागवा त्याला, आमचं ऐकत नाही.’ मी रागावलो नाही. आयटीआयच्या प्रवेशाची यादी लागली आहे आणि नाव आहे, एवढा निरोप ठेवला. तो आला. फिटर ट्रेडला पहिले काही आठवडे कानस ओढण्यातच जातात. पट्टीची एक बाजू सपाट, मग दुसरी तिला काटकोनात, गुण्या लावून उजेड दिसतो का बघायचं आणि पुन्हा घासायचं. चांगली चांगली पोरं तिथे कंटाळून पळतात. हा टिकला. दोन वर्षं पूर्ण केली, परीक्षा पास झाला, एमआयडीसीतल्या एका कंपनीनं अप्रेंटिस म्हणून निवडला.

कंपनीनं चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. दाखल्यावर जुना गुन्हा, क्रमांकासह. कंपनीनं सभ्यपणे नकार कळवला. मुलगा मला एवढंच म्हणाला, ‘मी म्हटलं होतं ना सर.’

आता माझ्या तक्रारी. क्रम महत्त्वाप्रमाणे लावलेला नाही, मला जसा संताप आला तसा आहे.

पहिली, या दाखल्याची. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याचं कलम ७४ पोटकलम २ स्पष्ट सांगतं, की प्रकरण बंद झालं किंवा निकाली निघालं असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी बालकाची कोणतीही नोंद उघड करायची नाही. कलम २४ सांगतं, की बालपणी केलेल्या अपराधाची अपात्रता पुढे चिकटत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या. कलम ३ मध्ये ‘नव्यानं सुरुवात’ हे तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. सोळा वर्षांवरच्या मुलानं निर्घृण गुन्हा केला आणि त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालला, तर गोष्ट वेगळी. मोटारसायकल चोरी त्यात बसत नाही. मग नोंद बाहेर आली कुठून? २०१६ च्या आदर्श नियमांत बालकाविरुद्ध एफआयआर शक्यतो नोंदवायचाच नाही, गुन्हा निर्घृण असेल किंवा प्रौढांबरोबर मिळून केलेला असेल तरच, असं आहे. या मुलाबरोबर प्रौढ होते. त्यामुळे त्याचं नाव त्यांच्याच एफआयआरमध्ये गेलं, ते संगणकात चढलं, आणि पडताळणीच्या टेबलावरच्या माणसानं नाव टाकलं की ते समोर येतं. तो माणूस दुष्ट नाही. हे नाव दाखल्यात लिहायचं नाही असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मोठ्यांच्या नादी लागलेलं मूल खरं तर जास्त संरक्षणाला पात्र, आणि नेमकं तेच असं उघडं पडतं.

हा गृह विभागाचा प्रश्न आहे, असं उत्तर येईल. मान्य. पण या कायद्याची राखण आपल्या खात्याकडे आहे. गृह विभागाला पत्र लिहायला माझ्यासारख्या निवृत्त माणसाची वाट का पाहावी लागावी?

दुसरी तक्रार वर्गाची. संस्थेत येणाऱ्या बाहेरच्या माणसांबद्दल खात्याला काळजी वाटत असेल तर ती रास्त आहे. बालगृहांत आणि वसतिगृहांत बाहेरच्यांनी आणि आतल्यांनीही काय काय केलं आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून आमची पडताळणी करा. माझी करा, दरवर्षी करा. दार उघडं ठेवून, काळजीवाहकासमोर वर्ग घ्यायला लावा. वहीत येण्याजाण्याची वेळ लिहून घ्या. पण तोंडी आदेशानं सरसकट बंदी घालून मुलं सुरक्षित झाली असं समजू नका. बाहेरचं माणूस नियमितपणे येतं तेव्हा आतल्या मारहाणीचा, उपाशी ठेवण्याचा सुगावाही त्यालाच आधी लागतो. दार बंद ठेवणं नेहमीच मुलांच्या सोयीचं नसतं.

आणि वर्ग बंद झाल्यावर त्या जागी काय आलं? काही नाही. अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये संस्थेनं द्यायच्या सेवांची यादी आहे. वयाला आणि गरजेला योग्य शिक्षण, कौशल्य विकास, समुपदेशन, मुलाच्या वैयक्तिक आराखड्याचा पाठपुरावा, आणि ओळखीचे पुरावे मिळवून देण्यात मदतसुद्धा. म्हणजे ज्या आधार आणि दाखल्यामागे मी धावलो ते काम कायद्यानं संस्थेचंच आहे. मी पाहिलेल्या संस्थेत बारा वर्षांचा आणि सतरा वर्षांचा एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर बसतात, आणि बहुतेक दुपारी त्या खोलीत टीव्ही चालू असतो. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची असं कलम १४ म्हणतं. सहा महिने म्हणजे निम्म्याहून जास्त शालेय वर्ष. एवढ्यात मुलाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून होतो, किंवा त्याची तारीख निघून जाते. कोणतं घडेल हे सध्या तिथे कोण कामाला आहे, त्यावर अवलंबून आहे. मोठ्या कारागृहांत मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रं चालतात, शिक्षा झालेले प्रौढ कैदी तिथे पदवी घेतात, आणि ते उत्तमच आहे. ज्याचा दोष अजून सिद्धही झालेला नाही त्या पोराला दहावीचं पुस्तक मिळत नाही, याचं मात्र कुणाला काही वाटत नाही.

तिसरी तक्रार मी थोडक्यात लिहितो, कारण ती लांबवली तर माझा तोल जाईल. माझ्याच वर्गात दुसरा एक मुलगा होता. आईवडील नाहीत. पुढे विशेष गृहात, म्हणजे दोष सिद्ध झालेल्या मुलांना ठेवतात तिथं, गेला, तिथे अठरा पूर्ण झाले, एक पिशवी घेऊन बाहेर पडला. अधिनियमाचं कलम ४६ अशा मुलाला आर्थिक मदत देता येईल, असं म्हणतं. या अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या मदतीची, मुदत वयाच्या एकवीसपर्यंत, नियमांनुसार अपवादानं तेवीसपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. त्याला यातलं काही मिळालं नाही. अशी मदत असते, हे त्याला सांगितलंच गेलं नव्हतं. काही महिने एसटी स्टँडवर झोपला. आज तो प्रौढांच्या तुरुंगात आहे. चित्रकला त्याची पहिल्या मुलापेक्षा सरस होती.

चौथी बाब आपल्या खात्यापुरती नाही, वाचणाऱ्या सगळ्यांची आहे. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण जीव गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला. लोक संतापले, आणि संतापायलाच हवं होतं. पण त्यानंतर मी जिथे जिथे या मुलांबद्दल बोलतो तिथे कुणीतरी हसून म्हणतं, ‘लिहा म्हणावं निबंध.’ मी ज्यांना शिकवलं त्यांच्या घरून वकील पहिल्या दिवशी येत नाही, पहिल्या महिन्यातही येत नाही. तो निबंध एका श्रीमंत घरच्या मुलाला सांगितला गेला, आणि त्याची शिक्षा ज्यांच्याकडे दुचाकीचा परवाना काढायलाही पैसे नाहीत ती पोरं भोगत आहेत. त्याआधी कोयता गँगच्या बातम्यांनी हेच केलं होतं. हातात कोयता घेऊन रील टाकणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला आवरलं पाहिजे, यात वाद नाही. आवरून झाल्यावर त्याचं करायचं काय, हे विचारलं की चर्चा संपते.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही, म्हणून जास्त खटकतं. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावानं १८५७ पासून सुधारशाळा आहे आणि हाताला काम शिकवणं हाच तिचा पाया होता. मुंबई इलाख्याचा बालक अधिनियम १९२४ चा, चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे गरिबाच्या पोरांना कमवा आणि शिका म्हणत उभं केलं, तेव्हा कुठली योजना होती आणि कुठलं पोर्टल! आज कायदा त्या काळापेक्षा कितीतरी चांगला आहे. माझं भांडण कायद्याशी नाहीच.

मागण्या अशा.

निरीक्षणगृहं आणि विशेष गृहांत शिकवायला किंवा मुलांची सोबत करायला येणाऱ्या नागरिकांसाठी लेखी कार्यपद्धती काढा. पडताळणी, थोडं प्रशिक्षण, वर्तनाचे नियम आणि तक्रारीची सोय, सगळं त्यात असू द्या. तोवर तोंडी बंदी मागे घ्या, किंवा निदान ती कुणी, कोणत्या अधिकारात घातली ते लेखी द्या.

मुलगा बाहेर पडल्यावरही, त्याची आणि पालकांची संमती असेल तर, त्याच माणसाला त्याच्याशी संपर्क ठेवता यावा, आणि परिविक्षा अधिकाऱ्यानं त्याची नोंद आराखड्यात घ्यावी. आमच्याकडच्या परिविक्षा अधिकाऱ्याकडे इतकी मुलं आहेत, की त्याला प्रत्येकाचा चेहरा आठवत असेल असं मला वाटत नाही. रिक्त पदं भरा हे तर सांगणं आलंच. पण ती भरेपर्यंत फुकट काम करायला तयार असलेल्यांना हाकलू नका.

प्रत्येक निरीक्षणगृहात दाखल होणाऱ्या मुलाचं शिक्षण कुठे तुटलं हे पहिल्याच आठवड्यात नोंदवा आणि सतरा नंबरचा फॉर्म, मुक्त विद्यालय किंवा आयटीआय यांच्या तारखा पाहण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर टाका. पदनाम परिपत्रकात लिहा. ‘संबंधितांनी’ असं लिहू नका. संबंधित नावाचा माणूस मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत कुठल्याच कार्यालयात पाहिला नाही.

गृह विभागाबरोबर मिळून सर्व पोलिस ठाण्यांना आणि पडताळणी करणाऱ्या शाखांना कलम ७४(२) आणि कलम २४ बद्दल स्पष्ट सूचना द्या. प्रौढांबरोबरच्या गुन्ह्यात नाव असलेल्या बालकाची नोंद पडताळणीत दिसणारच नाही, अशी सोय संगणकातच करा. शिपायाच्या स्मरणशक्तीवर सोडू नका. चुकीचा दाखला गेलाच, तर तो दुरुस्त करून देण्याची मुदत ठरवा. आजपर्यंत ज्यांना असे दाखले मिळाले त्यांनी अर्ज कुठे करायचा हे जाहीर करा, अशी मुलं बरीच असणार आणि ती पुन्हा पोलिस ठाण्याची पायरी आपणहून चढणार नाहीत.

अठरा पूर्ण होण्याआधी सहा महिने प्रत्येक मुलाबरोबर बसून त्याच्या राहण्याचं, शिकण्याचं, बँक खात्याचं ठरवा. अनुरक्षणाची मदत कोणत्या जिल्ह्यात किती जणांना मिळाली, हा आकडा नावांशिवाय दरवर्षी प्रसिद्ध करा. आकडा लाजिरवाणा असला तरी करा.

मंत्री महोदय, आयुक्त महोदय, या मागण्यांपैकी एकीसाठीही कायदा बदलावा लागत नाही, विधानसभेत जावं लागत नाही. परिपत्रकांनी होणारं काम आहे.

त्या मुलाचं सांगायचं तर सध्या तो एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये रोजंदारीवर ग्रिल आणि गेट बनवतो. हात चांगला आहे, मालक खूश आहे, पण तिथे अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्यावाचून पुढच्या दारांवर त्याला कुणी उभं करणार नाही. कंपनीतल्या एका भल्या अधिकाऱ्यानं मला खासगीत सांगितलं आहे, की पुढची तुकडी घेतील तेव्हा त्याचा अर्ज पुन्हा पाहता येईल, दाखला स्वच्छ असला तर. पोलिस ठाण्यात अर्ज दिला आहे, जिल्हा बालसंरक्षण कक्षालाही दिला आहे, दोन्हींच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. आपल्या कार्यालयातून कुणी मागितल्या तर मुलाचं नाव झाकून त्या पाठवीन. तुकडी दिवाळीनंतर भरणार आहे. दाखला त्याआधी हवा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)